चौथी टिचकी

"पट्टी माझी, बाकी सगळं तुमचं!" गायला उभी राहिली की व्हर्लीन टिब्ज साथीदारांना एवढंच सांगायची. पिट्सबर्गच्या वायली ॲव्हेन्यूवर हे वाक्य सगळ्यांना पाठ होतं. ओडेसा क्रम्प मात्र ते कानावर पडलं की मान फिरवायची.

दोघी एकाच चर्चच्या बाकावर गाणं शिकल्या. आवाज ओडेसाचा जास्त गोड, असं तेव्हा सगळेच म्हणायचे. पण व्हर्लीन समोर येईल ते गायली. नाचाच्या बँडबरोबर गायली, रेडिओवर साबणाची जाहिरात गायली, लग्नांतून सिनेमाची गाणी गायली, आणि जॅझ तर असं, की ऐकणाऱ्याच्या हातातला घास हातातच राहावा. शिकागो झालं, न्यूयॉर्क झालं, पॅरिसही झालं. ओडेसा अकरा वर्षं पर्विसच्या क्लबात फक्त रविवारची दुपार गात होती. तेवढी एक दुपार तिची होती.

त्या रविवारी व्हर्लीन हिरवा कोट घालून आली. तळलेल्या माशाची बशी घेऊन पर्विस तिच्या मागेमागे. "एक गाणं म्हण, व्हर्लीन. लोकांना आवडलं तर यापुढचे रविवार तुझे." हे ओडेसाच्या तोंडावर!

पियानोवाल्या लूशियसकाकांची नजर गेलेली. गाणारीनं पाठीमागे हात धरून जितकी बोटं दाखवायची, तितक्या टिचक्या ओडेसा काकांच्या खांद्यावर मारायची. त्यावरून काका पट्टी धरायचे.

व्हर्लीननं तीन बोटं दाखवली. ओडेसानं चार टिचक्या मारल्या.

"चार? नक्की ना गं?"

"मला मोजता येतं, काका."

पियानो चढा लागला. व्हर्लीन क्षणभर थांबली. मग चाल वर जाते तिथं ती खाली उतरली, खाली येते तिथं अलगद वर गेली, आणि जुनं गाणं नुकतंच जन्मल्यासारखं झालं. "सांग त्यांना, सिस्टर, सांग!" म्हणत लोक उठून उभे राहिले. काका मान मागे टाकून हसले. अकरा वर्षांत ओडेसाच्या गाण्याला ते असे कधी हसले नव्हते.

"मग रविवार ठरले?" पर्विसनं विचारलं.

"नको रे बाबा. इथं पट्टी माझ्या हातात राहत नाही." व्हर्लीननं कोट चढवला. ओडेसाजवळ येऊन हळूच म्हणाली, "अगं, चर्चमध्ये तू याच पट्टीत गायचीस. मी शेजारी बसून तुझ्या सुराखालून गायचे. विसरलीस होय? गा तू रविवारी."

खरकटं ताट सरकवावं तसा रविवार तिनं ओडेसाकडे सरकवला.

"कुठल्या पट्टीत, पोरी?" आतून काकांनी हाक मारली. ओडेसा दारात उभी राहून पाहत होती. हिरवा कोट वायली ॲव्हेन्यूच्या उतारावरून चालला होता, आणि मेलीचं चालणंसुद्धा तालात होतं.