जेवायला कितवी बसता?

"आ करा."

सुई हातात घेण्याआधी ताई एवढंच म्हणायच्या आणि समोरच्या माणसाच्या तोंडाशी नाक न्यायच्या. अहो, खरंच हुंगायच्या! वकील, प्राध्यापक, रिटायर्ड सुभेदार, सगळे त्यांच्यासमोर मुकाट्याने आ वासून बसलेले मी पाहिलेत. "चहा घेतलाय," ताई म्हणायच्या. "आल्याचा. जा घरी, उद्या या." माणूस गयावया करायचा, "अहो, चहा म्हणजे काय खाणं झालं का?" "साखर होती ना त्यात? मग तुमचं स्वादुपिंड कामाला लागलं. आता रक्त घेऊन मी काय त्याची पूजा करू?"

ग्वाल्हेरात मधुमेहावर एक संशोधन चाललं होतं, तिथे आम्ही बरोबर होतो. ताई रक्त घ्यायच्या, फॉर्म भरायच्या. ते फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझं. आमच्या डोक्यावर साहेब, म्हणजे प्रकल्पाचे मोठे डॉक्टर.

संशोधन भुकेचं होतं. आपण जेवलो की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, आतडी मेंदूला कळवतात की बाबा रे, पुरे आता. मधुमेह झालेल्यांत हा निरोप कुठे अडकतो, ते शोधायचं होतं. सकाळी रिकाम्या पोटी रक्त, मग मोजून एक वाटी दलिया, मग दर अर्ध्या तासाने पुन्हा रक्त. आणि दर वेळी एक प्रश्न, भूक किती? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे आता जीव जातो.

पुरुष बिनदिक्कत आठ सांगायचे, नऊ सांगायचे. एका हलवायाने बारा सांगितले. बायका मात्र एक. दोन. शून्य. रात्रभर उपाशी राहिलेल्या बायका, सकाळी नऊ वाजता, शून्य!

साहेब खूश झाले. "इथल्या बायकांची भूकच कमी आहे," ते म्हणाले. "यामागे हॉर्मोनचं काहीतरी कारण असणार. हा मोठा शोध आहे."

"डोंबलाचा शोध," ताई माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या. "शेजारी सासू बसलेली असते. कोणती सून म्हणेल मला भूक लागली म्हणून? तुम्ही कधी ऐकलंय?"

मी आठवून पाहिलं. नव्हतं ऐकलं. तुम्हीही आठवून पाहा.

ताई स्वतः मात्र अकरा वाजता डबा उघडायच्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर करायच्या, "मला भूक लागलीय, मी जेवतेय." त्यांचं घराणं शिपाईगडी. पणजोबा दख्खनेतून तलवार घेऊन आले होते म्हणे. तलवार कुणी पाहिली नाही, पण आवाज तेवढा वारशाने आला होता. नवरा लवकर गेला, मुलाला एकटीने वाढवलं, सून आणली आणि पहिल्याच दिवशी तिला सांगितलं की या घरात नवरा-बायकोची दोन्ही ताटं एकदम वाढायची. हे मला त्यांनीच सांगितलं. मग विचारलं, "तुमची बायको कितवी बसते?"

"आम्ही एकत्रच बसतो," मी म्हणालो. धडधडीत खोटं. ती कधी जेवते, हे मला लग्नाला वीस वर्षं होऊनही माहीत नव्हतं.

एका सकाळी पाटणकर बाजारातल्या बांगडीवाल्यांची मोठी सून आली. शेजारी सासू. त्या दिवशी आमचं मशीन रुसलं होतं, दोन तास गेले. ताईंनी भूक विचारली, ती म्हणाली, "नहीं दीदी, भूख नहीं है." हे म्हणताना तिचे हात थरथरत होते, कपाळावर घाम होता. ताईंनी बोटाला सुई टोचली. साखर पार तळाला गेलेली! ताईंनी स्वतःच्या हाताने तिला साखरेचं पाणी पाजलं, सासूला कसलीशी चिठ्ठी देऊन खाली पाठवलं आणि दार लावून विचारलं, "घर में खाने कौन-से नंबर पे बैठती हो?"

"सबके बाद," ती म्हणाली. "बाबूजी, ये, देवर, बच्चे, फिर मम्मीजी."

"गोली कितने बजे?"

"आठ बजे. मम्मीजी याद से देती हैं."

"और खाना?"

"दो. कभी ढाई."

आता सांगा! सासू वाईट नव्हती हो. आज गोळी न देता आणा असं बजावलं होतं, तरी तिने मायेने आठाच्या ठोक्याला दिली होती. गोळी साखर खाली ओढणार, आणि पोटात अन्न पडणार सहा तासांनी. ती पोरगी रोज दुपारी भिंतीला धरून पोळ्या लाटत होती, आणि आमच्या फॉर्मवर लिहिलं होतं, भूक शून्य.

ताई तडक साहेबांकडे गेल्या. मागणी एवढीच, की फॉर्ममध्ये एक ओळ वाढवा, घरात जेवायला कितवी बसता. आणि बायकांना एकेकटीला विचारू द्या. साहेब हसले. "ताई, हे विज्ञान आहे. पंगतीचा हिशोब नाही." दाराशी उभ्या असलेल्या माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी काय केलं? मूग गिळून उभा राहिलो.

ताई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या दिवसापासून त्यांनी प्रत्येक बाईच्या नातेवाइकाला काही ना काही निमित्ताने बाहेर पाठवायला सुरुवात केली आणि फॉर्मच्या समासात पेन्सिलीने लिहायला लागल्या. "पाचवी." "सातवी, उरलं तर." "सगळ्यांनंतर. एकटी असताना भूक नऊ." सगळे मिळून दोन-चार शब्द, पण ते वाचताना माझा हात की-बोर्डवर थांबायचा. कॉम्प्युटरमध्ये त्याला रकानाच नव्हता.

एवढ्यावरही भागलं असतं. पण ताई एका रविवारी पाटणकर बाजारात बांगडीवाल्यांच्या घरी जाऊन थडकल्या. सासऱ्याला समोर बसवून म्हणाल्या, "बाबूजी, गोली और थाली एक साथ. नहीं तो बहू को किसी दिन हमारे यहाँ से उठाके ले जाना." म्हातारा हादरला. दुसऱ्या दिवसापासून सुनेला आठ वाजता गोळीबरोबर दोन पराठे मिळायला लागले. तिची चक्कर थांबली. आणि तिच्या नवऱ्याने साहेबांकडे तक्रार केली, की तुमची बाई आमच्या घरात भांडणं लावते.

साहेबांना निमित्तच हवं होतं. ताईंचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. वीस वर्षं हजारो दंडांत सुई टोचलेली बाई, तिला दोन ओळींचं पत्र! वर तोंडी सांगितलं, की तुम्ही डेटा नासवलात. ज्या बाईने चहा प्यालेल्या वकिलाला परत पाठवलं, तिने डेटा नासवला!

मग साहेबांनी मला बोलावलं. "ते समासातलं सगळं खोडून टाका. फॉर्म तपासायला बाहेरून लोक येणार आहेत."

माझंही कंत्राट मार्चमध्ये संपत होतं.

मी खोडलं. दोन दिवस बसून, रबर घेऊन, एकेक फॉर्म. पाचवी खोडली, सातवी खोडली, सगळ्यांनंतर खोडली. हे लिहितानाही मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. साहेबांना काय बोल लावू? त्यांनी नुसतं सांगितलं होतं. हात माझा होता.

महिन्याभराने ताईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलल्या, मग विचारलं, "माझी पेन्सिल आहे ना फॉर्मांवर? कुणीतरी कधीतरी वाचेल."

"आहे, ताई," मी म्हणालो.

पुढे सिटी सेंटरमधल्या एका हॉटेलात साहेबांनी निष्कर्ष मांडले. पडद्यावर सुंदर आलेख होते. पुरुषांची रेघ वर, बायकांची रेघ जमिनीला टेकलेली. या भागातल्या मधुमेही स्त्रियांत भुकेची जाणीवच मंद असते, असं साहेब म्हणाले. टाळ्या पडल्या. ते आकडे मीच चढवले होते. मीही टाळ्या वाजवल्या.

ताई गेल्या वर्षी गेल्या. हृदयविकाराचा झटका, तासाभरात सगळं संपलं. पेन्सिलीचं खरं काय झालं, ते मी त्यांना सांगितलं नाही ते नाहीच.

तेराव्याला हरिशंकरपुरमला त्यांच्या घरी गेलो. अंगणात पंगत मांडली होती. मुलाने हात धरून पहिल्या रांगेत बसवलं. सगळे पुरुष. पुऱ्या, बटाट्याची भाजी, बुंदीचे लाडू. ताईंची सून वाढत होती. डोळ्यांखाली काळं झालेलं, पदर कमरेला खोचलेला. पहाटेपासून चुलीशी होती, असं शेजारचा कुणीतरी कौतुकाने म्हणाला. घड्याळात पावणेतीन वाजले होते आणि अजून दुसरी पंगत, तिसरी पंगत बाकी. ज्या घरात दोन्ही ताटं एकदम वाढली जायची, ते घर तेरा दिवसांत जिथल्या तिथे गेलं होतं.

ती माझ्यासमोर पुरी घेऊन वाकली. मी विचारलं, "बाळ, सकाळपासून काही खाल्लंस का?"

"नाही काका," ती म्हणाली. "मला भूकच नाहीय."

मी उठलो. भरल्या पानावरून उठलो. एकदम कालवा झाला. कुणी मोठे मामा होते, ते ओरडले, "अहो, पंगतीतून उठतात का कधी? अपशकून आहे!" मुलगा धावत आला, "काका, रहने दो ना, लोग देख रहे हैं."

"बघू देत," मी म्हणालो. "तुझ्या आईच्या वेळी मी बसून राहिलो होतो."

त्याला काही कळलं नाही. मी माझं पान बाजूला सारलं, तिथे नवं मांडलं आणि त्याच्या बायकोच्या हातातलं पुऱ्यांचं ताट घेतलं. ती घाबरून नवऱ्याकडे बघायला लागली. त्याने मान डोलावली. ती बसली. दोन्ही बाजूंना पुरुष, मध्ये ती. मी वाढलं. बासष्टाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या बाईला वाढलं, तेही धड जमेना, भाजी पानाबाहेर सांडली.

पहिली पुरी तिने कोरडीच खाल्ली. भाजीला हात लावायलाही थांबली नाही. मग दुसरी, तिसरी. मान वर न करता ती सात पुऱ्या जेवली.