ओठांतला बोल्ट

उधवा गावातल्या त्या मेकॅनिकचं नाव मी विचारलंच नाही. बोलायला तोंड रिकामं लागतं, आणि त्याच्या ओठांत कायम एक बोल्ट धरलेला असायचा.

आमची पिकअप जुनी. आम्ही चौघी मासळीवाल्या सुक्या बोंबलांच्या टोपल्या घेऊन मागे बसायचो, माझा नवरा गाडी चालवायचा. जरा खड्डा आला की बॉडी टायरला घासायची आणि जळक्या रबराचा वास यायचा. टायर आता फुटतो की मग, या धास्तीने बाजार येईपर्यंत माझा जीव मुठीत असायचा.

शेवटी गाडी त्या मेकॅनिककडे नेली. त्याने नट सैल केले, जॅक लावून बॉडी उचलली आणि तिच्याखाली, चासीच्या लोखंडी सांगाड्यावर, जाड गुटके म्हणजे ठोकळे बसवले. गाडी चांगली उंच दिसायला लागली. नवऱ्याने चावीसाठी हात पुढे केला, तेव्हा कुठे त्याने ओठांतला बोल्ट काढला.

"रिकामी गाडी खोटं बोलते, शेठ. बाजाराला जाता तशी भरा. मावशी, तुम्ही पण बसा सगळ्या."

आम्ही टोपल्यांसकट चढलो. नवऱ्याला स्टिअरिंग पूर्ण फिरवायला लावून तो गाडीखाली शिरला. वर आमची हसाहस चाललेली. मग खालूनच आवाज आला, "ब्रेकचा पाइप ताणलाय. जास्त लांबीचा टाकतो. त्याशिवाय गाडी सोडणार नाय."

पुढच्या बाजाराला सायवनच्या उतारावर मी सवयीने श्वास रोखला. मग हळूच घेतला. नुसता बोंबलांचा वास.

"एवढं काय हुंगतेस गं?" शेजारणीने विचारलं.

"माल चांगला सुकलाय," मी म्हटलं.