साहेबांची मान

इकुयो आदाचीचे डोळे कारखान्याने पगारावर ठेवलेत, असं तिचा नवरा तात्सुओ सगळ्यांना सांगत फिरायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. जपानमधल्या तोत्तोरी शहरात टीव्ही-मोटारींचे पडदे, म्हणजे स्क्रीन, बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं तिने दुसरं काही केलंच नाही. पडदा समोर आला की बघायचं, खोट असली तर बाजूला ठेवायचा, नसली तर कागदावर आपला लाल शिक्का उठवायचा. धुळीच्या कणाएवढा न उजळणारा, मेलेला ठिपका तिला हातभर अंतरावरून दिसे. घरच्या टीव्हीत तिने इतक्या खोडी काढल्या की तात्सुओने कंटाळून रेडिओ आणला. पण मनात तसूभर शंका असताना तिने एकाही कागदावर शिक्का मारला नव्हता. ह्याचा तिला गर्व होता, आणि का नसावा?

मार्चअखेर ती निवृत्त होणार होती. तिच्यामागे कागदावरचा शिक्क्याचा रकानाही जाणार होता. पुढे सगळं यंत्रच बघणार, असं वरून ठरलं होतं.

तिच्या हाती आलेलं शेवटचं काम म्हणजे मोटारीचा एक लांबलचक पडदा, ह्या दारापासून त्या दारापर्यंतचा. त्याची डावी बाजू शेजारी बसणाऱ्याची. गाडी पळत असताना त्याने खुशाल सिनेमा बघावा, पण चालवणाऱ्याला तिथे नुसता काळोख दिसला पाहिजे. गाडी थांबली की बटण दाबायचं, मग चित्र दोघांचं. हे तपासायला चालवणाऱ्याच्या जागी एक प्लास्टिकचा पुतळा बसवला होता, डोळ्यांच्या खाचांत कॅमेरे असलेला. कामगार त्याला 'साहेब' म्हणत, कारण अख्ख्या कारखान्यात मान न वाकवणारा तो एकटाच होता.

साहेबांनी पडदा पास केला. मग इकुयो त्या खुर्चीत बसली. तासभर बघूनही डावी बाजू काळीकुट्ट. तेवढ्यात शेजारून कुणीतरी तिथल्या रिवाजाप्रमाणे "दमलात हो" म्हणत गेलं, तिने बसल्या बसल्या वाकून उत्तर दिलं, आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी चमकलं. नीट बसून पाहिलं तर पुन्हा काळोख. दुपारभर तिने मान डावीकडे, उजवीकडे, वर, खाली केली. काही म्हणता काही सापडेना.

"मिझोगुची-सान, ह्यात काहीतरी आहे," तिने विभागप्रमुखाला सांगितलं.

"काय आहे?"

"ते सापडलं नाही अजून."

"आदाची-सान, परवा हे पडदे गाडीवाल्यांकडे जायचेत. साहेबांनी चाळीसदा बघितलं. मारा की आता शिक्का."

"दिसलंय मला."

"माणसाचे डोळे दमतात हो," मिझोगुची हळूच म्हणाला. "उद्या दुपारपर्यंत दाखवा. नाहीतर तुमची जागा कोरी ठेवून पाठवतो."

बोलला तो मऊच, पण तिच्या काळजाला लागलं. शेवटचा कागद कोरा गेला की सगळे काय म्हणणार ते तिला ठाऊक होतं. म्हातारीचे डोळे गेले आणि तिला कळलंही नाही.

संध्याकाळी तात्सुओ न्यायला आला. नदीवरच्या अरुंद पुलापाशी कांद्याच्या पातीचा एक छोटा ट्रक त्यांच्यासाठी थांबला होता. पूल ओलांडून जाताना तात्सुओने रिवाजाप्रमाणे मान लववली, हनुवटी पार स्टिअरिंगला टेकेपर्यंत.

"अहो, थांबा! परत करा."

"काय परत करू?"

"आत्ताचा नमस्कार."

"अगं, ट्रक गेला. आता कुणाला करू, पुलाला?"

"पुलाला करा."

तात्सुओने गाडी कडेला घेतली आणि पुलाला नमस्कार केला. इकुयोने वितीने मोजलं. डोकं दोन विती पुढे गेलं होतं.

सकाळी ती मिझोगुचीला एवढंच म्हणाली, "तुम्ही चालवा, मी शेजारी बसते." चाचणीची गाडी कारखान्यामागच्या डोंगररस्त्याला लागली. डाव्या पडद्यावर तिने शाळकरी मुलांचा बेसबॉलचा सामना लावला.

"दिसतंय का काही?"

"काळोख आहे नुसता. सांगतोय ना मी कालपासून."

वळणावर समोरून एक गाडी आली आणि वाट द्यायला मागे सरली. तिच्या शेजारून जाताना मिझोगुचीने वाकून आभार मानले, एकदा, मग पुन्हा.

"अरे वा, काय चेंडू हाणला!" तो म्हणाला.

मग त्याच्याच लक्षात आलं. त्याने गाडी बाजूला घेतली. डोकं पुढे गेलं की नजर जास्त तिरकी होत होती, आणि त्या तिरकेपणात काळोख पातळ पडत होता. साहेब तिथवर कधी गेलेच नव्हते.

"सगळे कोन मोजले हो आम्ही," तो पुटपुटला.

"मोजले. पण ह्या देशात ताठ मानेचा ड्रायव्हर कुठून आणणार तुम्ही?"

"माझी चूक झाली, आदाची-सान," म्हणून तो खाली वाकला, आणि वाकल्या वाकल्या त्याला धावफलकही दिसला. इकुयोला हसू आवरेना.

पडदे तीन आठवडे उशिरा गेले. मिझोगुचीने गाडीवाल्यांना स्वतः फोन केला, आणि फोनवर बोलतानाही दर वाक्याला वाकत होता.

मार्चच्या शेवटच्या दिवशी सुधारलेला पडदा आला. फिटरने साहेबांची मान कापून तिथे बिजागरी बसवली होती. साहेब वाकले, काळोखच. मग इकुयो स्वतः बसून दहा वेळा वाकली. काळोखच. कागदावर 'वाकल्यावर' अशी नवी ओळ होती आणि खाली शिक्क्याचा रकाना होता. तो आता काढायचा नाही, असं मिझोगुचीने वर भांडून ठरवून घेतलं होतं. इकुयोने शिक्का मारला, जरा जोरातच.

निघताना सगळे दोन रांगांत उभे राहून वाकले. शेवटी खुर्चीतले साहेबही वाकले, बिजागरी कुरकुरली. इकुयोचे डोळे भरून आले. ती साहेबांपेक्षा खाली वाकली.

फाटकाशी तात्सुओने विचारलं, "काय, दिले का डोळे परत?"

"दिले," ती म्हणाली. "आता नीट चालवा. सगळं दिसतंय मला."