वेगळं ताट

दवाखान्यातली औषधं महिनाअखेर संपायची, किस्से मात्र साचत जायचे. कारखाना उभा राहत होता तेव्हा मी कॅम्प-एक या कामगार वस्तीतल्या दवाखान्यात नर्स होते. आमचे निम्मे किस्से दोनच आजारांचे, टीबी आणि रक्त कमी. दोन्हींत माणूस सुकतो, थकतो, जिना चढताना धापा टाकतो. पण टीबी म्हणजे फुप्फुसात जंतू, तो दुसऱ्याला लागतो. रक्त कमी असलेल्याकडून कुणाला काही लागत नाही. लोकांना हे पटवता पटवता माझी उमेदीची वर्षं गेली.

टीबीचा नुसता संशय आला तरी घरात त्या माणसाचं ताट वेगळं व्हायचं. भांड्यांना त्याचा हात लागू नये म्हणून त्याला आधी वाढून ओसरीवर बसवायचे.

*

एका फिटरला खरोखरच टीबी निघाला. घरात मुलीचं लग्न ठरलेलं.

"साहेब, घरी रक्त कमी सांगा ना. टीबी ऐकून सोयरे पळून जातीन."

डॉक्टर म्हणाले, "सोयरे थांबतील हो, पण तुमचा खोकला मांडवभर फिरेल!"

लग्न पुढे ढकललं आणि इंजेक्शनं सुरू झाली.

*

पावर हाउस बाजारातल्या एका किराणावाल्याची उलटी तऱ्हा. आपल्याला टीबीच आहे म्हणत त्यानं हट्टानं छातीचा फोटो काढून घेतला. फोटो साफ. डॉक्टरांनी त्याची खालची पापणी ओढली, आत पांढरीफटक. रक्त कमी.

तो वैतागला, "एवढा मोठा फोटो काढला, अन् बिमारी डोळ्यात होती?"

*

जामुल गावची सुशीला सासूबरोबर आली. टीबी सासूनं घरीच ठरवलेला, ताटही महिन्यापासून वेगळं. थुंकी तपासली, फोटो काढला. काहीच नाही. रक्त मात्र फार कमी.

"आधी काय जेवायची ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"साऱ्याइचं झाल्यावर जे उरन ते," सासू म्हणाली. "आमच्यात सून मागूनच जेवते."

मला राग आला, पण ती हे अगदी सहज सांगत होती. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, पालेभाजी, गूळ, पोटभर जेवण सांगितलं. "टीबी नाही. आता ताट वेगळं नको."

सासूचा जीव भांड्यात पडला. ती बस पाहायला बाहेर गेली, तशी सुशीला माझ्याजवळ सरकली.

"सिस्टर, डॉक्टरसाहेबाले सांगा ना, टीबीच राहू द्या म्हणा."

"कावून गं?"

"वेगळं ताट पहिले वाढते. गरम राहते."