सातचा भोंगा

ग्रामपंचायतीत ठराव एका सभेत होतो; त्याचे किस्से मात्र दाखल्याला माणसं यावीत तसे रोज दारात उभे. मी तिथली कॉम्प्युटर ऑपरेटर. दार आपटलं तरी दचकते, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साठलेत.

ठराव असा: मुलं मोबाईलमधून मान वर काढत नाहीत, म्हणून रोज संध्याकाळी सात ते साडेआठ गावातले सगळे फोन, टीव्ही बंद. वेळ कळावी म्हणून भोंगा. वेगळा कशाला, वादळासाठी बसवलेला आहेच की, असं सरपंचकाकींनी ठरवलं. बटण माझ्या टेबलाशेजारी.

पहिल्या दिवशी मी बटण दाबलं आणि स्वतःच खुर्चीतून उठले. पाच मिनिटांत अर्धं गाव किनाऱ्यावर, होड्या वाळूत वर ओढतंय. काकी माईकवरून सांगतायत, "वादळ नाही, फक्त फोन बंद करा."

होडीला खांदा लावलेला एकजण म्हणाला, "वादळ नाय, तर फोन कित्या बंद?"

*

मग घरोघर तपासणी. फॉर्मवर रकाना: 'फोन स्वतःहून बंद केला का?' मासे विकणाऱ्या रुक्मिणीमावशी चुलीपुढे बसलेल्या.

"बंदच होतो गो. चार्जिंग खंय होता?"

"मग काय लिहू?"

"लिही, मावशीन मोबाईल सोडल्यान."

*

एकदा सव्वासातला काकींनी गावच्या ग्रुपवर मेसेज टाकला, 'नियम पाळा.' दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "साडेआठच्या आत ज्यांनी तो वाचला, त्यांची नावं फळ्यावर लिही."

मी खडू घेतला. "काकी, टाकणाऱ्याचं नाव वर लिहू की खाली?"

त्यांनी खडू काढून घेतला.

*

महिनाभरात गाव सरावलं. भोंगा झाला की कोणी बाहेर डोकावेना; हात थेट फोनकडे. तालुक्याचे साहेबसुद्धा बघून खूश झाले. मी हळूच विचारलं, "काकी, खरंच वादळ आलं तर?"

"शुभ बोल गो जरा."

*

त्या दिवशी सव्वासहाला तालुक्याहून फोन आला: वारा फिरतोय, होड्या परत बोलवा. आमचे बाबा खडकांजवळ जाळं टाकायला गेलेले. खिडकीतून त्यांची होडी दिसत होती, ठिपक्याएवढी.

मी आधी भोंगा दिला, मग बाबांना फोन लावला. स्विच ऑफ. आईला लावला. स्विच ऑफ. होडीवाल्यांच्या यादीतले बारा नंबर फिरवले, बाराही बंद. रस्त्यावर एक माणूस नाही.

काकींनी माईक हातात घेतला, मी किनाऱ्याकडे धावत सुटले. हळूहळू माणसं जमली. बाकीच्या होड्या किनाऱ्याला लागल्या. पाणी पांढरं झालं, ठिपका दिसेना. आई माझा दंड धरून उभी.

पाऊण तासाने बाबांची होडी वाळूला लागली. नखशिखांत भिजलेले बाबा उतरले, कमरेची प्लास्टिकची पिशवी सोडून त्यांनी फोन बाहेर काढला आणि माझ्यापुढे धरला.

"काय गो बाय, आज आधीच वाजवलंस? मी आयकलंय तसो बंद केलंय हां. आता चालू करू?"