आबांच्या कानांसाठी अँप्लिफायर

माझ्या वडिलांचे, आबांचे कान तोफखान्याच्या नोकरीत गेले. घरात आम्ही त्यांच्याशी ओरडून बोलतो आणि ते नुसती मान हलवतात. माझी मुलगी पाचगणीला वसतिगृहात असते. दर रविवारी ती आजोबांसाठी माझ्या फोनवर निरोप बोलून पाठवायची. आबा फोन कानाला लावायचे, मान हलवायचे आणि परत द्यायचे. आजोबा-नातीचं गुपित म्हणून आम्ही ते कधी ऐकलं नाही. पण यंदा सुट्टीत पोरगी आबांच्या खोलीकडे फिरकलीसुद्धा नाही.

ती परत गेल्यावर म्हटलं, फोन गाडीच्या टेपला जोडता येतो, तर गाडीतच अँप्लिफायर बसवू, मग कसं ऐकू येत नाही बघतो. सांगलीतला दुकानदार उसाच्या ट्रॅक्टरांना साउंड बसवणारा. आमच्याकडे आधी गाणं येतं, मग ट्रॅक्टर दिसतो. म्हातारा माणूस ऐकणार आहे म्हटल्यावर त्यानं अँप्लिफायरवरचा गेनचा स्क्रू पार शेवटपर्यंत फिरवला. मी खूश. घरी आबांना पुढच्या सीटवर बसवून निरोप लावला. काचा थरथरल्या, गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली, आणि मलाही एक शब्द धड कळला नाही.

"आवाज लय हाय," आबा म्हणाले, "पर शब्द न्हाईत."

धाकटा भाऊ फौजेत सिग्नल दलात आहे, तो सुट्टीवर आला होता. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, टेपकडून येणारा आवाज न फाटता अँप्लिफायरला जुळवायचा स्क्रू, असं तो म्हणाला. त्यानं गेन पार खाली आणला, टेपचा आवाज पाऊणपर्यंत चढवला, एक गाणं लावलं आणि स्क्रू कणाकणानं उघडत गेला. गाणं फाटायला लागलं तसा जरा मागे आला. मग पोरीचा निरोप लावला.

माझ्या अंगावर काटा आला. दणका कुठल्या कुठे गेला होता आणि पोरगी जणू मागच्या सीटवर बसली होती. बोलण्याआधी तिनं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. इतकी वर्षं आम्ही नुसतं ओरडत होतो, आणि शब्द असे शांतपणे येऊ शकतात हे मला खरंच वाटेना.

"आबा, तुम्ही माझ्यावर रागावलात का? कधीच उत्तर देत नाही," ती विचारत होती.

आबांनी या वेळी मान हलवली नाही.

"मागलं समदं लाव," ते म्हणाले. "पयल्यापासनं ऐकतो. मग तिला फोन लाव, मी बोलतो."