सोयगावपर्यंत एका दमात

अख्ख्या मराठवाड्यात माझ्या साडूइतका आगाऊ माणूस झाला नसंल, आणि झालाच असंल तर त्याला सरकारनं पेन्शन दिली नसंल. ह्याला दिली. आमचं शहर ते सोयगाव, लाल गाडीवर कंडक्टर होता. नाळ तुटली ती गाडीतच तुटली असंल असं वागणं. लग्नाच्या पंगतीत उभा राहून म्हणायचा, "पुढं सरका, मधी लई जागा हाय." एका मयतीला तर खांदेकऱ्यांना थांबवलं त्यानं, मागचे राहिलेत म्हणून. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, पण सासरवाडीत मान थोरल्या जावयाचा घ्यायचा. रांगोळी त्याच्या ताटाभोवती. मी औरंगपुऱ्यात सायकलींचे पंक्चर काढणारा, चौथी नापास, माझ्यासमोर नुसतं ताट. हे मी कधी विसरलो नाय. त्यानं सकाळी सूर्य उगवला म्हणून सांगितलं तरी मी बाहेर जाऊन बघून यायचो.

रिटायर झाल्यावर त्याला नवं खूळ लागलं. कोणाच्या घरी गेला की चहाच्या आधी छातीची परीक्षा. दम भरायचा आणि गाडीच्या दारात ओरडतात तसं लांबवून गावं म्हणायची. हर्सूल, सावंगी, चौका, फुलंब्री, आळंद, सिल्लोड, गोळेगाव, अजिंठा, फर्दापूर, सोयगाव, आणि त्याच दमात उलटं परत हर्सूलला यायचं. परत आला तो पैलवान. सोयगावला दम सुटला तर चालंल. सिल्लोडातच उतरला तर डॉक्टर गाठायचा. गल्लीतली शहाणी माणसं त्याला बघून कडी लावायची. माझी बायको तेवढी हसत हसत म्हणायची. तिला तो अक्का म्हणायचा. पहिल्यांदा ती जाऊन परत अजिंठ्यापर्यंत आली होती, आणि पदरात तोंड घालून हसत बसली होती.

दसऱ्याला ती जातानाच सिल्लोडला थांबली. संक्रांतीला फुलंब्रीत. त्या दिवशी हसली पण नाय, भिंतीला टेकून बसली.

साडू मला ओट्यावर घेऊन आला. "पाहुणे, अक्काला कधीपासून होतंय हे?"

"काय हे? काम करते, थकते. तुमच्यावाणी बसून पेन्शन खात नाय."

"थकलेलं माणूस बसलं की बरं होतं. ही बसल्यावर पण धापतीय. पाय बघितले का? सुजलेत. नुसता थकवा निराळा, नुसती धाप निराळी. दोन्ही एका गाडीत बसले की थांबायचं नसतं. उद्याच दवाखान्यात न्या."

"तुम्ही कधीपासून डॉक्टर झालात? तिला अशक्तपणा हाय. गूळ-शेंगदाणे चालू केलेत मी."

"व्हय, आणि ते चावायला दम कुठून आणायचा?"

मी त्याला चहा न देता लावून दिलं. ती आतून म्हणाली, "अहो, पाहुणे काही वाईट नाही बोलले." मी म्हणालो, तू पड जरा. ती पडली, आणि लगेच उठून बसली. आडवं झालं की जीव घुसमटतो म्हणाली. मी तिच्या पाठीशी दुसरी उशी दिली आणि दुकानावर गेलो. जन्मभर ट्यूबा पाण्यात बुडवून बारीक भोक हुडकलं मी, बुडबुडा कुठून येतो ते लांबून सांगायचो. घरातलं दिसलं नाय. खरं सांगतो, दिसलं होतं. साडूच्या तोंडून आलं म्हणून मानलं नाय. तेच शेजारणीनं सांगितलं असतं तर रिक्षा बोलावली असती.

होळी झाल्यावर जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसली आणि उठंना, तेव्हा नेलं. डॉक्टरनं तपासलं, छातीत पाणी धरलंय, हृदय कमजोर झालंय, लवकर आणायला पायजे होतं असं म्हणाला. शांतपणे म्हणाला, रागावला असता तर बरं वाटलं असतं. गोळ्या चालू झाल्या, सूज उतरली, दोन-तीन दिवस भाकरी पण थापली तिनं. मग वैशाखात गेली.

साडू तेराव्याला आला. पंगतीत कोणाला पुढं सरका म्हणाला नाय. वाढपी चुकून त्याला सोडून गेला तरी गप बसला. सगळे गेल्यावर माझ्याशेजारी टेकला, आणि आपल्या चपलांकडं बघत म्हणाला, "पाहुणे, त्या दिवशी मी जरा जोरानं सांगायला पायजे होतं."

मी सुपारीचं तबक त्याच्याकडं सरकवलं फक्त.

त्याला दोन वर्षं झाली. तो आता कोणाची छाती तपासत नाय. येतो, दारापाशी बसतो, चहा पितो, आणि अक्काच्या फोटोकडं न बघता निघून जातो. आगाऊपणा गेला तसा माणूस अर्धा झाला. दर वेळी तो चपला घालतो तेव्हा मी उठतो, त्याच्यामागं उंबऱ्यापर्यंत जातो. त्यानं जोरानंच सांगितलं होतं, मला नीट ऐकू आलं होतं, एवढंच म्हणायचं असतं. मग तो म्हणतो, येतो पाहुणे, आणि मी म्हणतो, या.